हिशेबातली रेघ

हिच्या मानेचा एमआरआय काढून आणला तो गुरुवार होता, आणि त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने हसले नाही.

तक्रार तशी साधी होती. कणीक मळताना हिच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत. रात्री त्या मुंग्यांनी जाग येई, मग ही उठून हात झटकत बसे. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल सांगितले, आणि महिनाभराने, "मानेतून काही असेल, एकदा एमआरआय करून टाकू," असे म्हणाले. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एक केंद्र होते, तिथे गेलो. बाहेर बाकावर आमच्यापुढे नऊ माणसे होती. हिला आत नेले, वीसेक मिनिटांनी बाहेर आणले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हातात टेबलाएवढे पाकीट पडले. पाकिटात काळी फिल्म आणि बारा ओळींचा रिपोर्ट. नवव्या ओळीत लिहिले होते की मज्जारज्जूच्या मधोमध एक उभी रेघ दिसते आहे आणि 'सिरिंक्सची शक्यता नाकारता येत नाही.'

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. 'शक्यता नाकारता येत नाही' ही भाषा मला चांगली ठाऊक आहे. आमचे अंतर्गत हिशेबतपासनीस ती वापरत. शाखेत गैरव्यवहार सापडला नाही, पण उद्या सापडला तर आपली मान मोकळी राहावी म्हणून लिहिलेले ते वाक्य असते. बँकेत असताना या वाक्याला मी हसत असे. बायकोच्या मानेबद्दल ते वाचल्यावर हसू आले नाही. संध्याकाळपर्यंत मुलाने शोधून काढले, की सिरिंक्स म्हणजे मज्जारज्जूच्या आत तयार होणारी द्रवाने भरलेली पोकळी. ती वाढत गेली तर हातातली ताकद जाते. माझ्या धाकट्या बहिणीने फोनवरच नवस बोलून टाकला. ही मात्र काही बोलली नाही. तिने फक्त लोणच्याच्या बरण्या कुठे आहेत आणि कोणत्या डब्यात काय आहे हे सुनेला दाखवायला सुरुवात केली. ते मला त्या रिपोर्टपेक्षा जड गेले.

अकराव्या दिवशी पुण्याला एका वयस्क रेडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. आधी मान पाहिलीच नाही. फिल्मच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत काही आकडे छापलेले असतात, ते त्यांनी भिंग घेऊन वाचले. मग ते म्हणाले, "बाई, पाच-सात मिनिटे पुन्हा आत जाऊन पडाल का? तेवढेच एक चित्र मी जरा बारीक काढून पाहतो." नवे चित्र आले. त्यात रेघ नव्हती. माझा चेहरा पाहून ते हसले. "ही रेघ यांच्या मानेत नव्हती हो. हिशेबात होती."

बोटांच्या मुंग्या कशाच्या होत्या, तर मनगटात एक मज्जातंतू दाबला जात होता. रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपायचे, एवढ्यावर काम भागले. पण 'हिशेबात होती' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. हिशेबातली चूक शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेलेली. रात्री अकरापर्यंत शाखेत बसून सव्वीस पैशांचा फरक शोधलेला माणूस मी. माणसाच्या मानेच्या फोटोत हिशेब कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. फावल्या वेळात वाचत गेलो. ज्यांना समजते त्यांना त्रास दिला. जे उमगले ते इथे सांगतो, आणि ते सांगण्यामागे माझे एक गाऱ्हाणे आहे, तेही शेवटी मांडतो.

पहिली गोष्ट ही की हा फोटो नव्हेच. क्ष-किरणाच्या चित्रात निदान किरण शरीरातून पलीकडे जातात आणि हाडांची सावली पडते. सावली म्हणजे फोटोची चुलत बहीण तरी. एमआरआयमध्ये सावली नाही, भिंग नाही, कॅमेरा नाही. यंत्र शरीराचे चित्र 'घेत' नाही; ते शरीराचे ऐकते, आणि ऐकलेल्यावरून चित्र कसे असावे याचे गणित सोडवते.

ऐकते कोणाचे? पाण्याचे. आपले शरीर बहुतांशी पाणी आणि चरबी, आणि दोन्हींत हायड्रोजनचे अणू खच्चून भरलेले. हायड्रोजनचा अणुगर्भ एखाद्या इवल्या चुंबकसुईसारखा वागतो. एरवी या सुया वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. यंत्राचा बोगदा म्हणजे एक प्रचंड चुंबक. साधारणपणे दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. अशा बहुतेक यंत्रांतली तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर, बुडवलेली असतात आणि त्यांतून वीज विनाअडथळा फिरत राहते. म्हणून हा चुंबक रात्री बंद करून घरी जाता येत नाही. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला, तो याच न दिसणाऱ्या ओढीने. त्या खोलीच्या दारावरची पाटी कृपा करून वाचावी.

या चुंबकात शिरल्यावर सगळ्या सुया कवायतीला उभ्या राहतात असे वाटते. तसे होत नाही. दहा लाखांत जेमतेम पाच सुयांचे जादा मताधिक्य एका बाजूला पडते. बाकी सारे एकमेकांना काटून शून्य. पण थेंबभर पाण्यातदेखील अणू इतके, की एवढ्या मताधिक्यावर सरकार चालते. या सुया चुंबकाभोवती भोवऱ्यासारख्या डुलतात, आणि डुलण्याचा वेग चुंबकाच्या ताकदीवर ठरतो. दीड टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर लागतो. हे ६४ मेगाहर्ट्झ त्याच्या जरा खालीच. याच सुराची रेडिओलहर क्षणभर सोडली की सुया आडव्या होऊन एका ठेक्यात फिरू लागतात आणि स्वतःच एक क्षीण रेडिओ संदेश बाहेर टाकतात. मानेभोवती बसवलेली ती पिंजऱ्यासारखी चौकट म्हणजे हा संदेश पकडणारी अँटेना. खोलीला आतून तांब्याचा पत्रा मारलेला असतो, तो बाहेरच्या रेडिओची बडबड आत येऊ नये म्हणून.

हे सुयांचे गाणे अमेरिकेत १९४६ सालीच ऐकले गेले होते. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांना त्याबद्दल १९५२ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. पण ते सगळ्या नमुन्याचे एकत्र गाणे होते. मंडपात पाचशे माणसे एकच आरती म्हणत असावीत तसे. कोण कुठे उभा आहे हे त्यातून कसे कळणार? पंचवीस वर्षे हा प्रश्न कोणाला नीट पडलाही नाही.

तो पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाला १९७१ साली पडला आणि उत्तरही त्याच सुमाराला सुचले. म्हटले तर उत्तर पोरसवदा आहे. चुंबकाची ताकद सगळीकडे सारखी ठेवण्यासाठी आजवर लोक जिवाचा आटापिटा करीत होते. लॉटरबर म्हणाला, ती मुद्दाम वाकडी करा. एका टोकाला किंचित कमी, दुसऱ्या टोकाला किंचित जास्त. फरक अगदी थोडा, सेंटिमीटरमागे ढोबळमानाने पंधरा हजारांत एक भाग. पण तेवढ्याने काय होते? डुलण्याचा वेग ताकदीवर ठरतो, म्हणजे डावीकडचे पाणी खालच्या सुरात गाणार आणि उजवीकडचे वरच्या. शरीराची बाजाची पेटी झाली! पेटीवर डोळे मिटून सूर ऐकला तरी पट्टी कुठली दाबली हे जाणकार सांगतो, कारण सूर आणि जागा यांची गाठ पक्की असते. तीच गाठ लॉटरबरने पाण्याला मारली. 'नेचर' या प्रतिष्ठित नियतकालिकाने त्याचा लेख आधी साभार परत केला, मग १९७३ साली छापला. (साभार परतीचा अनुभव असलेल्या माझ्यासारख्याला ही हकिगत विशेष प्रिय आहे.) त्या लेखातले चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे होते, दोन धुरकट ठिपके.

इथे आपला एक माणूस येतो आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. लॉटरबरची मूळ पद्धत निरनिराळ्या कोनांतून ऐकण्याची होती. आज जगभर यंत्रे बहुतांशी ज्या पद्धतीने चालतात तिचा पाया १९७५ साली झुरिकमधून प्रसिद्ध झालेल्या एका लेखात आहे, आणि त्या लेखाच्या तीन लेखकांतले पहिले नाव आहे अनिल कुमार. दुसरे डिटर वेल्टी आणि तिसरे रिचर्ड अर्न्स्ट. अर्न्स्टना १९९१ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अनिल कुमार पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांना वैद्यकाचे नोबेल २००३ साली मिळाले. हे मॅन्सफिल्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून बुकबाइंडरच्या हाताखाली कामाला लागलेले. १९७८ साली धोक्याचे इशारे बाजूला सारून ते स्वतःच आपल्या यंत्रात शिरले. रेमंड डमॅडियन या डॉक्टरांनी १९७१ साली गाठीतले पाणी निरोगी पाण्याहून वेगळे वागते हे दाखवले होते आणि १९७७ साली माणसाच्या छातीचे चित्र जवळजवळ पाच तास खपून काढले होते. त्यांना नोबेलमधून वगळले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. भाऊबंदकी काही आपल्याच सातबाऱ्यावर असते असे नाही.

आता झुरिकची युक्ती. पेटीच्या पट्ट्यांनी डावे-उजवे कळले. पण वर-खाली? त्याच वेळी दुसऱ्या दिशेलाही सूर बदलले तर घोटाळा होईल. एकच सूर दोन ठिकाणचा निघेल. इथे मला आमच्या शाळेचे लेझीम आठवले. मैदानावर पोरांच्या रांगा, सगळ्यांचा ठेका एक. समजा मास्तरांनी थोडा वेळ असे केले, की मागच्या रांगांनी जरा जलद खेळायचे, पुढच्यांनी जरा सावकाश. मग शिट्टी वाजली आणि सगळे पुन्हा मूळ ठेक्यावर आले. वेग पुन्हा सारखा झाला. पण मागची रांग एक पाऊल पुढे गेलेली, मधली अर्धे, पुढची मागे राहिलेली. वेग सारखा, पाऊल वेगळे. ते चुकलेले पाऊल म्हणजे रांग कुठली होती याची आठवण. यंत्र हेच करते: क्षणभर दुसऱ्या दिशेने चुंबक वाकडा करते, सोडून देते, मग ऐकते. मग पुन्हा नव्याने, या वेळी थोडा जास्त वाकडा. पुन्हा ऐकते. असे एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न वेळा. बोगद्यात तो जो ठक-ठक-ठक-घर्रर्र आवाज येतो, हिने ज्याला 'पत्र्यावर गारा' म्हटले, तो चुंबक वाकडा-सरळ करणाऱ्या या वेटोळ्यांचा आहे. त्यांत वीज झटक्याने चालू-बंद होते आणि मोठ्या चुंबकाच्या पोटात ती अक्षरशः थरथरतात.

पण इतक्या वेळा ऐकायचे कशाला? याचे उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडले. समजा गोविंदराव आणि शांताबाई अशी दोन खाती आहेत, खातेवही उंदरांनी खाल्ली आहे, आणि तुम्हाला एवढेच ठाऊक आहे की दोघांची बेरीज शंभर रुपये आहे. कोणाचे किती, सांगता येणार नाही. पण कोणी सांगितले की गोविंदरावांतून शांताबाई वजा केल्यास वीस उरतात, तर लगेच कळते: गोविंदराव साठ, शांताबाई चाळीस. दोन खाती, दोन वेगवेगळ्या तऱ्हेने केलेल्या बेरजा-वजाबाक्या. खाती चार असली तर अधिक-उण्याच्या चार वेगळ्या मांडण्या लागतील. दोनशे छप्पन्न रांगा असल्या तर दोनशे छप्पन्न. लेझमीचे पुढे-मागे पाऊल हेच ते अधिक-उणे. दर वेळी यंत्र जे ऐकते ती सगळ्या शरीराची एक एकत्र बेरीज असते, दर वेळी वेगळ्या अधिक-उण्याची.

म्हणजे गंमत पाहा. यंत्राच्या कच्च्या वहीत मानेचा तुकडा कुठेच नसतो. ती वही पडद्यावर पाहिली तर मध्ये तेजाचा पुंजका आणि भोवती विरत गेलेले चांदणे, एवढेच दिसते. मधल्या भागात मोठ्या ठोक बेरजा, चित्राचा उजेड-अंधार ठरवणाऱ्या. कडेला बारीकसारीक फरक, कडा आणि रेषा रेखीव करणारे. त्या वहीचा कडेचा पट्टा फाडून टाकला तर चित्रातले नाक किंवा कान जात नाही. सगळे चित्रच जरासे पुसट होते. प्रत्येक नोंदीत प्रत्येक खातेदाराचा वाटा असतो. अशी खातेवही आमच्या बँकेत असती तर मी राजीनामा दिला असता.

ही वही उलगडून चित्र करण्याचे गणित फार जुने आहे. जोसेफ फूरिये नावाच्या फ्रेंच गृहस्थाचे. हा नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता, आणि परत आल्यावर ग्रनोबलला आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या हुद्द्यावर बसला. दलदली बुजवणे, रस्ते बांधणे ही कचेरीची कामे आटोपून तो उष्णता धातूत कशी पसरते याचे गणित करीत असे. कितीही वेडीवाकडी लहर असो, ती साध्या, गोल, नियमित लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते, असे त्याने १८०७ साली मांडले. थोरामोठ्यांनी नाके मुरडली. पुस्तक निघायला १८२२ साल उजाडले. नोकरी सांभाळून रात्री दुसरेच काही करणाऱ्या माणसांविषयी मला आतून जिव्हाळा आहे. हे गणित संगणकाकडून झपाट्याने करून घ्यायची रीत १९६५ साली कूली आणि टुकी यांनी दिली. ती नसती तर हिची मान उलगडायला किती काळ गेला असता कोण जाणे.

आता आमच्या रेघेकडे येतो. फूरियेच्या हिशेबात एक मेख आहे. मऊ, हळूहळू बदलणारी गोष्ट थोड्या लहरींत बसते. पण एकदम तुटलेली कडा, इकडे पांढरे तिकडे काळे, ती तंतोतंत मांडायला लहरी अनंत लागतात. अनंत कोण मोजणार? कुठेतरी थांबावे लागते. एक भागिले तीन शून्य पूर्णांक तेहेतीस शतांश असे लिहिले आणि तिनाने गुणले तर नव्याण्णव पैसे येतात. हरवलेला पैसा कोणी चोरलेला नसतो. तो थांबण्यात गेलेला असतो. चित्रात हा हरवलेला पैसा कडेजवळ तरंग होऊन येतो. पायरी जिथे आहे तिथे ती उंचीच्या सुमारे नऊ टक्के वर उसळी मारते, मग खाली, पुन्हा थोडी वर, अशा विरत जाणाऱ्या रेघा. अमेरिकेच्या विलर्ड गिब्जने १८९८-९९ साली हे 'नेचर'मध्येच पत्रे लिहून स्पष्ट केले, आणि आजही त्याला त्याचेच नाव आहे. मानेत मज्जारज्जू असतो अरुंद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असते पाणी. म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन कडा. दोन्हीकडचे तरंग आत येतात आणि मधोमध गाठ पडली की तिथे उभी रेघ उमटते, थेट पोकळीसारखी. रेडिओलॉजीच्या पुस्तकांत हा घोटाळा नावानिशी नोंदलेला आहे. जाणकाराने तो ओळखायचा असतो. जास्त नोंदी घेतल्या की तरंग बारीक होऊन कडेला सरकतात आणि मधली रेघ विरते.

आमच्या गावच्या केंद्रात त्या दिशेने दोनशे छप्पन्नऐवजी एकशे अठ्ठावीसच वेळा ऐकले होते. कोपऱ्यातल्या त्या मुंगीएवढ्या आकड्यांत ते लिहिलेलेच होते. निम्म्या नोंदी, निम्मा वेळ. बाहेर बाकावर नऊ माणसे होती ना.

मी त्या केंद्राला दोष देऊन मोकळा होणार नाही. नऊजणांतही कोणाची तरी मान, कोणाचा मेंदू होता, आणि त्यांनाही घरी जायचे होते. या यंत्राची निंदा करण्याइतका मी कृतघ्नही नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कानामागच्या मज्जातंतूवरची वाटाण्याएवढी गाठ याच बोगद्यात सापडली, चिरफाड न करता आणि क्ष-किरणांचा एक कणही अंगावर न घेता. आज तो माझ्याबरोबर फिरायला येतो. माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. त्या पाकिटातून आमच्या हातात पडते ते एक अनुमान असते, कसून केलेले, बहुतेक वेळा बरोबर असलेले अनुमान. पण ते दिले जाते निकालपत्रासारखे, आणि ते करणारा माणूस आम्हाला भेटत नाही. ज्याने ती नववी ओळ लिहिली त्याने हिला कधी पाहिले नव्हते. तिच्या बोटांना मुंग्या रात्री येतात की दिवसा, हे त्याला कोणी विचारू दिले नव्हते. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर हिला खुर्ची दिली.

आणि रेघ खरी असली तरी प्रश्न संपत नाहीच. पाठदुखीचे घ्या. १९९४ साली अमेरिकेत पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिकांच्या, म्हणजे ५२ टक्क्यांच्या मणक्यांमधली निदान एक गादी फुगलेली निघाली. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा दिसले की काहीही दुखत नसलेल्या साठीच्या माणसांपैकी सुमारे ८८ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या असतात. विशीतल्या तरुणांतही ३७ टक्क्यांच्या. म्हणजे 'झीज' हा शब्द रिपोर्टात आला तर तो डोक्यावरच्या पांढऱ्या केसांइतकाच धक्कादायक आहे. हे एक वाक्य रिपोर्टाच्या खाली छापायला किती शाई लागते? आमच्या सोसायटीत दोन गृहस्थ असे आहेत की ज्यांनी तो शब्द वाचल्या दिवसापासून नातवाला उचलणे सोडले. नातू तेवढ्यात मोठा झाला.

डॉक्टर मित्र म्हणतात, रोग्यांना एवढे सांगत बसलो तर ते आणखी घाबरतील. मला पटत नाही. पासबुकात न कळणारी नोंद दिसली की खातेदार घाबरत असे. काउंटरवर बोलावून समजावली की घरी जाऊन जेवत असे. माझा पस्तीस वर्षांचा अनुभव एवढाच आहे, पण तो पक्का आहे.

यात आता एक नवी भर पडली आहे. नोंदी कमी घ्यायच्या आणि तरी चित्र पूर्ण काढायचे, याच्या युक्त्या गेली पंचवीस वर्षे निघत आहेत. १९९९ साली अनेक अँटेना एकाच वेळी वापरून नोंदी वाचवायची एक रीत आली. २००७ साली, खरे चित्र मुळात आटोपशीर असते या गृहीतकावर, विखुरलेल्या थोड्या नोंदींतून बाकीचे ताडण्याची रीत आली. आणि अलीकडे हजारो जुनी चित्रे पाहून 'शिकलेले' सॉफ्टवेअर रिकाम्या जागा भरते. याचा फायदा उघड आहे. लहान मूल, म्हातारा माणूस, श्वास न धरू शकणारा रोगी यांची सुटका लवकर होते, आणि बाकावरची रांग आटते. गुडघ्यांच्या बाबतीत अशी झटपट चित्रे नेहमीच्या चित्रांच्या जागी चालतील असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. पण त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी असेही दाखवले की अशा काही पद्धतींत डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक गडबडीनेही चित्र बिघडू शकते, आणि लहानसा खरा फरक चित्रातून गळूनही जाऊ शकतो. आमच्या रेघेच्या वेळी हिशेब अपुरा होता, म्हणून नसलेले दिसले. पण तरंग ओळखता तरी येत होते. शिकलेले सॉफ्टवेअर चुकले तर ते सफाईदार, खऱ्यासारखे चुकेल.

बँकेत अंदाजाने घातलेली नोंद चालत नसे असे नाही. चालत असे. पण ती 'सस्पेन्स' खात्यात जाई, तिच्यापुढे सही होई, आणि खरा आकडा मिळेपर्यंत ती रोज डोळ्यांसमोर राही. खाडाखोड झाली तर शेजारी आद्याक्षरे करावी लागत. इथे कच्ची वही सहसा ठेवलीही जात नाही. चित्र झाले की थोड्या दिवसांत यंत्र ती पुसून टाकते. ती अवाढव्य असते आणि रोग्याला तिचा उपयोग नाही, हे मला कळते. व्हाउचर जाळून फक्त उतारा जपून ठेवणाऱ्या शाखेला मी काय शेरा दिला असता, तेही मला कळते. निदान फिल्मवर स्वच्छ अक्षरांत एवढे तरी असावे, की या चित्रातला कितवा हिस्सा ऐकलेला आहे आणि कितवा ताडलेला. आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याने, जिथे शंका आहे तिथे, रोग्याला दहा मिनिटे समोर बसवावे. त्या दहा मिनिटांचे पैसे लावा. आम्ही देऊ.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याची पाळी आली. यंत्र नवे, बोगदा ऐसपैस, बाकावर दोनच माणसे. पाय चौकटीत अडकवणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला मी विचारले, "किती ओळी घेणार? आणि मधल्या यंत्र स्वतः भरते का?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले. बहुधा असे त्याला कोणी विचारले नसावे. मग माझ्या कानांवर ते आवाज अडवणारे ठेवता ठेवता तो म्हणाला, "ते सॉफ्टवेअर आपोआप करतं, काका. तुम्ही फक्त हलू नका."

मी हललो नाही. बाहेर ही पाकिटाची वाट पाहत बसली होती.